पुंडलिकरावांचा विसावा

आपण 'देखभालकर्ता' आहोत, हे पुंडलिक देवतळे यांना वयाच्या सत्तरीत कळले. तोवर ते स्वतःला नुसते नवरा समजत होते.

पत्नी सत्यभामाबाईंचे डावे अंग पक्षाघाताने लुळे पडले, त्याला बरीच वर्षे लोटली होती. पुंडलिकराव तेव्हा नुकतेच संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. जबलपूरच्या कांचघर भागातल्या दोन खोल्यांच्या घरात त्यांनी दुसरी नोकरी धरावी तशी ही कामे धरली. बायकोला उठवणे, बसवणे, न्हाऊ घालणे, भरवणे, पाठ पुसणे, कूस बदलणे. वेणी घालण्यात तर त्यांचा हात असा बसला होता की शेजारच्या नंदाताई मुलीच्या शाळेत काही समारंभ असला म्हणजे तिला फणी आणि रिबिनी देऊन सरळ त्यांच्याकडे पाठवीत. सत्यभामाबाईंचे अंग गेले होते, पण जीभ शाबूत होती. किंबहुना उरलेल्या अंगाची सगळी ताकद तिच्यातच येऊन वसली होती.

त्या वर्षी पुंडलिकरावांना जांघेत गाठ आली. मदन महल भागातल्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी ती दाबून पाहिली आणि हर्नियाचे निदान केले.

"ऑपरेशन लवकर करून घ्या. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. आणि तोवर वजन उचलायचं नाही."

"वजन म्हणजे किती, साहेब?"

"भरलेली बादलीसुद्धा नाही."

घरी येऊन त्यांनी हे सत्यभामाबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता मला तुकड्या-तुकड्यांनी उचला. सकाळी डोकं, दुपारी पाय."

विनोद त्यांनी केला खरा, पण भीती दोघांनाही सारखीच वाटली. शस्त्रक्रियेसाठी चार दिवस रुग्णालयात राहायचे, पुढे महिनाभर वजनाला हात लावायचा नाही. तोवर हिला कोण पाहणार? मुलगी इंदू वर्ध्याला होती आणि तिच्या घरी तिची सासू अंथरुणाला खिळलेली होती. "बाबा, मी कशी येऊ?" असे ती फोनवर विचारी आणि रडू लागे. मग पुंडलिकराव तिचीच समजूत घालीत. नंदाताई तासभर येऊन बसत, पण त्यांची शाळेतली नोकरी होती. शस्त्रक्रिया अशी पुढे पुढे जात राहिली. पुंडलिकराव गाठीवर पट्टा आवळून बायकोला उचलीत राहिले. उचलताना ते दात आवळीत, आणि सत्यभामाबाई मान वळवून खिडकीकडे पाहत.

नेमक्या याच सुमारास त्या रुग्णालयाच्या मालकांना, म्हणजे निरामयधारा आरोग्य समूहाला, एक शोध लागला. समूहाची रुग्णालये पाच-सहा राज्यांत पसरलेली होती. प्रत्येक रुग्णाच्या मागे एक माणूस उभा असतो आणि तोही थकतो, असे दूर कुठल्यातरी महानगरातल्या मुख्यालयाने एका परदेशी अहवालावरून ताडले होते. खाटेखाली सतरंजी टाकून झोपलेल्या नातेवाइकाला अडखळून पडलेल्या कोणत्याही वॉर्डबॉयला ही गोष्ट ठाऊक होती. पण अडखळणे वेगळे आणि अभ्यास करणे वेगळे. अभ्यासातून 'देखभालकर्ता संबल योजना' जन्माला आली आणि एकाच मुहूर्तावर सर्व रुग्णालयांत सुरू झाली. भिंतीवर चित्रे लागली. त्यांतली देखभालकर्ती तरुण, गोरी आणि ताजीतवानी होती; रुग्ण तर तिच्याहूनही ताजातवाना दिसत होता.

जबलपूरच्या शाखेत ही योजना मनीषा नावाच्या मुलीच्या पदरात पडली. समाजकार्याची पदवी घेतलेली, कष्टाळू, मनाने निर्मळ. घरची मराठी, पण जन्म जबलपुरात गेल्यामुळे तिची मराठी दर तिसऱ्या पावलाला हिंदीचा हात धरी. पुंडलिकरावांना बाहेरच्या बाकावर पोट धरून बसलेले पाहून तीच त्यांच्याजवळ आली.

"काका, तुमच्यासाठीच तर ही योजना आहे! त्यात 'विसावा' मिळतो. आमची ट्रेंड दीदी घरी येते, काकूंना सांभाळते, तुम्ही आरामात ऑपरेशन करून घ्या. बस, एक बैठक अटेंड करायची."

पुंडलिकरावांचे डोळे भरून आले. बैठकीला रुग्णाला आणण्याची परवानगी नव्हती, कारण रुग्णासमोर देखभालकर्त्याचे मन मोकळे होत नाही, असे अहवालात म्हटले होते. रुग्णाला एकटे सोडता येत नाही म्हणून योजना होती, आणि योजनेत शिरण्यासाठी रुग्णाला एकटे सोडणे आवश्यक होते. नंदाताईंनी शाळेतून अर्धी रजा काढली, म्हणून पुंडलिकराव जाऊ शकले.

सभागृहात बहुतेक बायका होत्या. पडद्यावर मुख्यालयातल्या एक विदुषी प्रकट झाल्या. विमानात संकट आले तर आधी स्वतःला प्राणवायूचा मुखवटा लावायचा असतो, मग शेजाऱ्याला, असे त्यांनी सांगितले. विमानात कधी न बसलेल्या त्या सभेने भक्तिभावाने माना डोलावल्या. मग सर्वांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगण्यात आले. दुसऱ्या श्वासाला निम्मी सभा झोपी गेली. पडद्यावरच्या बाईंना ही सखोल शांततेची खूण वाटली आणि त्यांनी जबलपूर केंद्राचे विशेष कौतुक केले.

जाग आल्यावर ताण मोजण्याची प्रश्नावली आली. योजनेचा विसावा मर्यादित होता. ज्याचा ताण जास्त त्याला तो आधी, असा न्याय होता. मनीषा एकेकाजवळ बसून प्रश्न विचारू लागली.

"काका, गेल्या महिन्यात तुम्हाला पेशंटचा राग आला का? कधीच नाही, कधीकधी, हमेशा?"

पुंडलिकरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "येतो नं. पण तो लग्नापासूनच येऊन राहिला. तो धरायचा का?"

"नाही, बिमारीमुळे आलेला."

"बिमारीमुळे काहून येईल? ती काय मुद्दाम पडली?"

मनीषाने 'कधीच नाही'वर खूण केली. "बरं, तुम्हाला एकटं वाटतं?"

"एकटं कसं? ती आहे नं घरी. दिवसभर बोलून राहते."

"झोप पूरी होते?"

"होते बाप्पा, आमच्या वयात किती लागते."

खरे तर त्यांनी कित्येक वर्षांत सलग झोप घेतली नव्हती. पण परक्या मुलीसमोर बायकोच्या आजाराचे रडगाणे गाणे त्यांच्या संस्कारात बसत नव्हते. कोणी 'कसे आहात' विचारले की 'बरं आहे' म्हणायचे, एवढेच त्यांच्या घराण्यात शिष्टाचाराचे पहिले आणि शेवटचे कलम होते. शेजारच्या खुर्चीवरची बाई सासूच्या नावाने धाय मोकलून रडत होती. तिला पाणी देण्यासाठी ते मध्येच उठलेही.

निकाल लागला. पुंडलिकरावांचा ताण सर्वांत कमी निघाला. विसावा रडणाऱ्या बाईला मिळाला आणि 'आदर्श देखभालकर्ता' म्हणून सत्कार मात्र पुंडलिकरावांचा झाला. आदर्श देखभालकर्ती स्त्रीच असणार, हे मुख्यालयाने गृहीत धरलेले असल्यामुळे त्यांना अंजिरी रंगाची साडी, सुगंधी मेणबत्ती आणि चेहऱ्याला लावायचा काकडीचा लेप मिळाला.

सत्यभामाबाईंनी साडी उलगडून पाहिली. "रंग तुम्हाला शोभेल," त्या म्हणाल्या. "आणि ऑपरेशनचं काय झालं?"

"आपल्यापेक्षा कठीण परिस्थितीतले लोक आहेत, इंदूची आई."

"असतीलच. पण त्यांचं आतडं तुमच्या पोटात नाही नं?"

मनीषाच्या मनाला ही गोष्ट टोचत राहिली असावी. पुढच्या आठवड्यात ती स्वतः कांचघरात आली. काकांच्या कपाळावरचा घाम आणि पट्ट्यावरून फिरणारा हात तिने पाहिला.

"काका, थोडं तो रोना पडेगा," ती काकुळतीने म्हणाली. "नाहीतर कंप्यूटर मानतच नाही. फिर से विचारू का?"

"विचार," पुंडलिकरावांच्या आधी सत्यभामाबाई म्हणाल्या. "पण त्यांना नको. त्यांना विचारशील तर चितेवरूनही 'बरं आहे' म्हणतील. मला विचार. झोप? लिही, 'कधीच नाही'. मी कूस बदलायला हाक मारते, मला माहीत नाही? अंग दुखतं? लिही, 'हमेशा'. एकटं वाटतं?" इथे मात्र त्या थांबल्या. आवाज किंचित खाली आला. "तेही 'हमेशा' लिही. माणूस अंगणात जाऊन दोन मिनिटं नुसता उभा राहतो. मला खिडकीतून दिसतो."

पुंडलिकराव चहा करायला आत गेले.

कंप्यूटरने मानले. विसावा मंजूर झाला आणि मझौली गावची विनीता दाखल झाली. तिशीच्या आतली, हाडापेराने मजबूत. रुग्णसेवेचे प्रशिक्षण घेतलेली. तिने पहिला आठवडा घरी राहून रुग्णाशी ओळख करून घ्यावी, देखभालकर्त्याने निवांत बसून तिचे काम पाहावे, आणि मग रुग्णालयात भरती व्हावे, असा योजनेचा क्रम होता. क्रमात दोष नव्हता. फक्त घरात बाहेरची मुलगी राहायला आली म्हणजे देवतळ्यांच्या घरी काय होते, याचा अभ्यास कोणी केलेला नव्हता.

विनीता येणार म्हणून पुंडलिकरावांनी आदल्या दिवशी जाळीजळमटे काढली, मोरी घासली, पडदे धुतले. तिला पलंग दिला आणि स्वतः स्वयंपाकघरात सतरंजी टाकली. सकाळी ती उठायच्या आत तिच्या अंघोळीचे पाणी तापलेले असे. पोहे, मग जेवणात वरण-भात, भाजी, कोशिंबीर. ती मुलगी मझौलीहून आली, आपल्या इंदूएवढी, तिच्या ताटात नुसती पोळी-भाजी कशी वाढायची? एके दिवशी त्यांनी पुरण घातले. पट्टा आवळून पुरण वाटताना ते दोनदा खाली बसले.

"बाबूजी, अम्माजी को मैं नहला देती हूँ ना," विनीता म्हणे.

"अरे नाही बेटा, ते पाणी वगैरे… तू बस. थकून आली आहेस."

"मैं तो सोकर उठी हूँ, बाबूजी!"

शौचाचे भांडे काढायची वेळ आली की ते तिला काहीतरी आणायला नाक्यावर पाठवीत. लेकीच्या वयाच्या पोरीला घाण काढायला लावायची, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. मग ती परत येईपर्यंत दात आवळून सगळे स्वतः उरकीत. विनीता सोफ्यावर संकोचाने बसून राही. आयुष्यात प्रथमच तिला कोणी आयते वाढीत होते. तिच्या चेहऱ्यावर तजेला दिसू लागला. पुंडलिकराव मात्र वाळले. मुख्यालयातून चौकशीचा फोन आला तेव्हा त्यांनी सेवेला पैकीच्या पैकी गुण दिले. "मुलगी फार गुणी आहे. काही तक्रार नाही," ते म्हणाले, आणि ते अगदी खरे होते.

सत्यभामाबाईंनी हा सोहळा आठवडाभर पाहिला. भरतीच्या आदल्या सकाळी पुंडलिकराव त्यांना उचलायला वाकले आणि त्यांच्या तोंडून अर्धवट किंकाळी फुटली. ते पलंगाची कड धरून तसेच वाकलेले राहिले.

"सोडा मला," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"काही नाही, जरा कळ—"

"सोडा म्हणते नं! विनीता! ए विनीता, इकडे ये." विनीता धावत आली. "हे बघ, या घरात माझं लग्न झालं तेव्हापासून हा माणूस माझं ऐकत नाही. तू पगारी आहेस, तू तर ऐक. आजपासून यांच्या हातचा चहासुद्धा घ्यायचा नाही. मुझे उठाओ."

"अगं, ती पाहुणी…"

"पाहुणी? तुमची पाहुणी असेल! माझ्या नावावर आलेली पोरगी आहे ती. एक लुळी बाई सांभाळायला दिली, तर तुम्ही तिचंच बाळंतपण करून राहिले! अहो, मला लाज नाही वाटत तिच्यासमोर, तुम्हाला काहून वाटते? माझं अंग आहे की तुमचं?"

विनीताने एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घातला आणि सत्यभामाबाईंना सहज उचलून चाकाच्या खुर्चीत बसवले. हे इतक्या चटकन झाले की पुंडलिकराव पाहतच राहिले. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या पोटात कुठेतरी एक लहानसा अपमानही होता, आणि त्याचे औषध कोणत्याही योजनेत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच पिशवी घेऊन मदन महलला गेले. खिडकीमागच्या बाबूने कागद पाहिले, शिक्के मारले आणि शेवटी मान वर केली.

"अटेंडेंट कौन है साथ में?"

"कोणी नाही. मीच आलो आहे."

"बिना अटेंडेंट के भर्ती नहीं होगी, बाबूजी. नियम है. दवाई कौन लाएगा? दस्तखत कौन करेगा?"

"अहो भैया, माझ्या घरी सगळ्यांचा अटेंडेंट मीच आहे!"

मनीषा धावत आली. विनीतालाच इथे बोलवावे म्हटले, तर घरी सत्यभामाबाईंना कोण पाहणार? तरी तिने कंप्यूटर उघडला, आणि तिचा चेहरा पडला. पुंडलिकरावांच्या भरतीची नोंद सुरू होताच समूहाच्या यंत्रणेने त्यांना 'रुग्ण' या वर्गात घातले होते. भरती झालेला रुग्ण देखभालकर्ता असू शकत नाही. आणि देखभालकर्ताच नाही म्हटल्यावर विसावा कोणाला द्यायचा? तेव्हा विनीताची नेमणूक त्याच दिवसापासून आपोआप रद्द झाली होती. देखभालकर्ता आजारी पडावा म्हणून योजना नव्हतीच. तो निरोगी राहावा म्हणून होती.

"मुख्यालयाला विचारते," मनीषा म्हणाली. मुख्यालयाने हा प्रश्न 'रोचक' असल्याचे कळवले आणि पुढच्या तिमाहीच्या बैठकीत तो ठेवण्याचे आश्वासन दिले.

"राहू दे पोरी," पुंडलिकराव पिशवी उचलीत म्हणाले. "तू पुष्कळ केलंस. पुढं पाहू." आणि तिला वाईट वाटू नये म्हणून वर म्हणाले, "बरं आहे माझं तसं."

त्यांनी घरी फोन करून विनीताला एवढेच सांगितले, की आज होत नाही, अटेंडेंट पाहिजे म्हणतात, मी परत येतो. पण रिक्षा मिळण्याआधीच त्यांची पावले जड झाली आणि ते दारातल्या बाकावर बसले. पोटातली कळ आता जात नव्हती. आतडे अडकण्याचे डॉक्टरांचे बोलणे त्यांना पुन्हा पुन्हा आठवत होते. आपण गेलो तर मागे हिचे काय, एवढाच हिशेब ते घालीत होते. स्वतःपुरते काही मागावे, ही सवय त्यांना उरलीच नव्हती.

तासाभराने दारात एक रिक्षा थांबली. विनीताने आधी घडीची खुर्ची उतरवली, मग सत्यभामाबाईंना. त्यांची वेणी वाकडी होती. विनीताला वेणीचे प्रशिक्षण नव्हते. पुंडलिकरावांना आधी ती वेणीच दिसली, आणि ते उठू लागले.

"बसा!" सत्यभामाबाई दारातूनच ओरडल्या. खुर्ची सरळ खिडकीपाशी गेली. "लिखो भैया. अटेंडेंट: सत्यभामा पुंडलिक देवतळे. रिश्ता: पत्नी."

बाबूने खिडकीतून वाकून खाली पाहिले. "माताजी, आप तो खुद मरीज़ हैं."

"भर्ती हूँ क्या तुम्हारे यहाँ?"

"नहीं, लेकिन—"

"अठरा साल के ऊपर हूँ? दस्तखत आता है? ये हाथ चलता है, देखो. और मुँह भी चलता है."

"वो तो दिख रहा है, माताजी."

"तो नियम में क्या लिखा है, अटेंडेंट दौड़ना चाहिए?"

बाबूने नियम काढून पाहिला. धावण्याबद्दल त्यात काही नव्हते.

मनीषाचे डोळे चमकले. ती कंप्यूटरवर बसली. रुग्ण: पुंडलिक देवतळे. देखभालकर्ता: सत्यभामा देवतळे. देखभालकर्तीची प्रकृती: नाजूक. मदतनिसाची गरज: तातडीची. यंत्रणेने क्षणभर विचार केला आणि विनीताची नेमणूक सत्यभामाबाईंच्या नावाने मंजूर केली. एवढी सुसंगत नोंद तिच्याकडे बहुधा प्रथमच आली असावी. खुर्ची खाटेशेजारी लागली, विनीताला बाजूचा बाक मिळाला, आणि रोज वॉर्डात येऊन त्या दोघींना जेवायला बाहेर सोडण्याचे काम नंदाताईंनी शाळा सुटल्यावरच्या वेळेत पत्करले.

शस्त्रक्रिया त्याच संध्याकाळी झाली. गाठ अडकण्याच्या बेतात होती. आणखी थोडा उशीर परवडला नसता, असे डॉक्टर म्हणाले. सत्यभामाबाईंनी सगळ्या सह्या केल्या. त्या केल्यावर पेन हातातच धरून त्या शस्त्रक्रियागृहाच्या बंद दारासमोर बसून राहिल्या. त्या वेळात त्या कोणाशीही, एक अक्षरही, बोलल्या नाहीत. विनीता घाबरली. तिने दोनदा त्यांची नाडी पाहिली.

दुसऱ्या दिवशी पातळ खिचडी द्यायची परवानगी मिळाली. विनीताने वाटी पुढे केली, पण सत्यभामाबाईंनी ती मांडीवर घेतली आणि चमचा स्वतःच्या हातात धरला. पहिला चमचा पुंडलिकरावांच्या हनुवटीला लागला, दुसरा छातीवर सांडला. खिचडी गरम होती. सवयीने पुंडलिकरावांचा हात बायकोचा घसरलेला पदर सावरायला उठू लागला, टाक्यांनी तो निम्म्यातच थांबवला, आणि तो त्यांनी परत पांघरुणावर ठेवला. तिसऱ्या चमच्याला त्यांनी तोंड उघडले.

फेरीवरची नर्स खाटेशी थबकली. "ये क्या, सारा कपड़ा खराब कर दिया! अटेंडेंट कौन है इनका?"

"मैं हूँ," सत्यभामाबाई मान वर न करता म्हणाल्या. पुढचा चमचा भरण्यात त्यांचे सगळे लक्ष गुंतले होते. "नई हूँ बेटी. सीख रही हूँ."